चौघांमागे एक पेटी : प्राथमिक शाळेत प्रयोगांचं साहित्य कसं जमवावं

सहावीला चुंबक शिकवायचा माझा पहिला तास अजून आठवतो. कपाटातल्या विज्ञानपेटीत एक पट्टीचुंबक आणि एक नालाकृती चुंबक होता. वर्गात २८ मुलं. मी टेबलाशी उभी राहून टाचण्या उचलून दाखवल्या, पुढच्या दोन रांगांना दिसल्या, मागच्यांनी माना उंच केल्या, आणि तास संपला. वहीत सगळ्यांनी ‘सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण होते’ असं बिनचूक लिहिलं. पण दोन चुंबक जवळ आणताना बोटांना जो न दिसणारा धक्का बसतो, तो फार तर दोघातिघांच्या वाट्याला आला.

तेव्हापासून साहित्य जमवताना माझा पहिला प्रश्न ‘काय हवं?’ असा नसतो. ‘किती हातांना हवं?’ हा असतो. चांगल्या प्रतीचं एक उपकरण आणि साध्या प्रतीची आठ उपकरणं, असा पर्याय आला तर मी डोळे मिटून आठ घेते. पुढे लिहिलंय ते याच हिशेबाने. माझी शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवीची, तालुक्यापासून लांब. अनुदानित किंवा खासगी शाळेत पैशाचे मार्ग थोडे वेगळे असतील. बाकीचं सगळं तसंच लागू पडेल.

आधी कपाट उघडा

नवीन काही मागण्याआधी शाळेत काय पडून आहे ते बघा. जुन्या शाळांमध्ये बरंच निघतं. १९८७ साली खडू-फळा योजना सुरू झाली, तेव्हा प्राथमिक शाळांना विज्ञानाच्या पेट्या मिळाल्या होत्या. त्यानंतरही वेगवेगळ्या योजनांतून साहित्य येत राहिलं. त्यातलं पुष्कळसं अजून कागदात गुंडाळलेलं सापडतं, कारण फुटलं तर भरून कोण देणार, ही भीती प्रत्येक शिक्षकाला असते. त्या भीतीवर कागदोपत्री उपाय आहे, तो पुढे सांगते.

एक शनिवार काढा, सातवीची चार मुलं सोबत घ्या आणि सगळं जमिनीवर मांडा. चालू, दुरुस्त होण्यासारखं आणि टाकाऊ असे तीन ढीग करा. जुन्या पेटीत पाऱ्याचा तापमापक निघाला तर तो मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. फुटलेला असेल तर मुलांना बाहेर पाठवा, खिडक्या उघडा, पाऱ्याला हात लावू नका आणि झाडूने झाडू नका. दोन जाड कागदांच्या कडांनी थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. लेबल नसलेल्या रसायनाच्या बाटल्या उघडून वास घेऊन ओळखायच्या भानगडीत पडू नका. त्या बाजूला ठेवा आणि जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळा सहायकाला दाखवा.

मग वही घ्या

तिसरी ते पाचवीचा परिसर अभ्यास आणि सहावी-सातवीचं सामान्य विज्ञान ही पुस्तकं समोर ठेवून प्रत्येक पाठातली कृती एका ओळीत लिहा. पाच इयत्तांची यादी लांबलचक होते, पण नीट पाहिलं की तीच ती साधनं पुन्हा पुन्हा येतात. पारदर्शक बाटली, सिरिंज, भिंग, सेल आणि वायर, चुंबक, फुगे, मेणबत्ती, तापमापक, मोजपात्र आणि स्वयंपाकघरातल्या दहाबारा वस्तू एवढ्यात बहुतेक कृती बसतात. एकच वस्तू तीन इयत्तांना लागत असेल तर ती सगळ्यांत आधी घ्यायची.

आता संख्या. एका गटात चार मुलं. त्याहून जास्त झाली की दोघं करतात आणि बाकीची बघतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. २८ मुलांचे ७ गट होतात, म्हणून ८ संच. आठवा जादाचा, कारण ऐन तासाला एक बल्ब हमखास जातो. भिंगं मात्र दोघांत एक हवीत. भिंगातून एका वेळी एकच डोळा पाहतो, आणि चौथ्या मुलाची पाळी येईपर्यंत मुंगी निघून गेलेली असते.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे ती कुठून मिळेल हेही लिहा : घर, गाव, भंगार किंवा शहर. पैसे फक्त शहराच्या रकान्याला लागतात आणि थोडेसे गावाच्या. हा रकाना भरला की एवढी मोठी वाटणारी यादी एकदम आवाक्यात येते.

घर आणि गाव

इथे एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमधून मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा काढून तिथे गेले. गावच्या आठवडी बाजारात फिरताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली, आणि काड्यापेटीच्या काड्या त्या नळीच्या तुकड्यांनी जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या राहिल्या. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी बनवली. त्यांच्या संकेतस्थळावर ही खेळणी छायाचित्रं आणि व्हिडिओंसह फुकट पाहायला मिळतात, मराठीतही. साहित्याची यादी करायच्या आधी एक संध्याकाळ तिथे घालवा. बाजाराकडे बघायची नजरच बदलते.

पालकांकडे पैसे मागू नका, वस्तू मागा, आणि नेमक्या मागा. ‘टाकाऊ वस्तू पाठवा’ म्हटलं की पोत्याने कचरा येतो. मी पालकांच्या ग्रुपवर दर पंधरवड्याला एकच वस्तू टाकते : या आठवड्यात सरळ कडांच्या एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या, झाकणासकट, ३०. पुढच्या वेळी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी मोजकपं. त्यांवर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात आणि धुऊन घेतली की ती झकास मोजपात्रं होतात. लग्नसराईत मांडवाच्या मागे पाण्याच्या शेकडो बाटल्या पडतात. स्वयंपाक्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की तो पोतंभर बाजूला ठेवतो.

दोन गोष्टी मात्र पहिल्याच निरोपात ठळक लिहा. कीटकनाशकाची, तणनाशकाची किंवा फिनेलची बाटली कितीही धुतलेली असली तरी शाळेत आणायची नाही. शेतकऱ्याच्या घरात अशा बाटल्या हाताशी असतात, आणि मूल निरागसपणे तीच उचलून आणतं. दुसरं म्हणजे वापरलेली सिरिंज किंवा सलाईनची नळी. दवाखान्याच्या मागे पडलेली तर नाहीच नाही. सिरिंज औषधाच्या दुकानातून नवी घ्यायची, सुई दुकानातच काढून द्यायला सांगायची. ५ आणि १० मिलीच्या सिरिंजा स्वस्त असतात. सलाईनचा नवा सेट घेऊन त्याची नळी कापली की कितीतरी तुकडे होतात. दोन सिरिंजांना एक तुकडा जोडा, एकीचा दट्ट्या दाबा, दुसरीचा वर येतो. आधी हवेने करा, मग पाण्याने. हवा दबते आणि पाणी दबत नाही, हे मुलं स्वतःच ओरडून सांगतात. जेसीबीचा हात कसा उचलला जातो, हा पुढचा प्रश्न मला कधी विचारावा लागलेला नाही. तो मुलांकडूनच येतो.

बियाणं किराणा दुकानातून घ्या : मटकी, हरभरा, मका, राजमा. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं अंकुरणाच्या प्रयोगाला आणू नका. त्याला बुरशीनाशकाची किंवा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते, म्हणून तर ते गुलाबी-हिरवं दिसतं. घरी पेरणीतून उरलेलं बियाणं जूनमध्ये मुलं हौसेने घेऊन येतात, तेव्हा हे आधीच सांगितलेलं बरं.

आम्ल-आम्लारीसाठी लिटमस विकत घेण्याची गरज नाही. हळद पाण्यात दाट कालवून कोऱ्या कागदाला लावा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने त्या लालसर होतात. पण हळदीला आम्ल ओळखता येत नाही, लिंबाच्या रसात ती पिवळीच राहते. ती उणीव लाल जास्वंद भरून काढते. पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेलं पाणी लिंबाने गुलाबी-लाल होतं आणि सोड्याने हिरवट. शाळेच्या कुंपणाला जास्वंदीचं एक झाड असलं की हा खर्च कायमचा संपला. तपासायला चिंच, ताक, आवळा, खाण्याचा सोडा आणि राख हे सगळं मुलांच्या घरचंच.

उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवायला लागणारी चुन्याची निवळी मी स्वतः करते. पानाच्या टपरीवरचा चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी अलगद काढून घट्ट बुचाच्या बाटलीत भरायचं. उघडी राहिली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तीच दुधाळ होते आणि प्रयोग बिघडतो. चुना डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होते, त्यामुळे तळाचा गाळ आणि कोरडा चुना मुलांच्या हाती नको. नळीने फुंकायचं, ओढायचं नाही, हे फुंकण्याआधी साध्या पाण्यावर एकदा करून घ्या.

स्टार्चच्या परीक्षेसाठी आयोडीन लागतं. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून चालतं. बटाट्यावर, भातावर, पोळीवर एकेक थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. तपासलेला घास कोणी तोंडात घालणार नाही एवढं बघा.

भंगारवाला आणि दुरुस्तीची दुकानं

माझी सगळ्यात आवडती जागा ही. तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं एक तरी दुकान असतंच. तिथे जळालेल्या मोटरीतून काढलेली तांब्याची वायर ढिगाने असते. मूठभर वायर बहुतेक जण मुलांसाठी म्हटल्यावर फुकट देतात. मोठ्या खिळ्यावर पन्नासेक वेढे घातले, सेल जोडला, की विद्युतचुंबक तयार. फक्त ही वायर दिसायला उघडी दिसली तरी तिच्यावर वार्निशाचा पातळ थर असतो. दोन्ही टोकं सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासली नाहीत तर वीज वाहणार नाही. पहिल्यांदा माझे आठच्या आठ संच यामुळे बंद पडले होते आणि मी उगाच सेलना दोष देत बसले.

जोडणीसाठी इंटरनेट किंवा केबलवाल्याकडचे लॅन केबलचे उरलेले तुकडे मागा. त्या एका केबलच्या आत वेगवेगळ्या रंगांच्या आठ वायरी असतात, म्हणजे मीटरभर तुकड्यातून आठ मीटर वायर. रंग वेगळे असल्याने ‘नारिंगी कुठे जोडली?’ असं विचारता येतं. टोकं सोलायचं काम मोठ्यांनी करायचं.

सेल नवेच घ्या, पण साधे. महागडे अल्कलाइन सेल मुलांच्या हातून शॉर्ट झाले की जास्त प्रवाह देतात आणि वायर चटका बसेल इतकी तापते. साधा कार्बन-झिंकचा पेन्सिल सेल तेवढा तापत नाही. भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले ‘संपलेले’ सेल मुलांना आणायला सांगा. असे दोन एकापुढे एक जोडले की लाल एलईडी अनेकदा मंद का होईना लागतो, आणि सेल संपला म्हणजे नेमकं काय संपलं, ही चर्चा तासभर चालते. एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडे. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट लावली की एलईडी जळतो. वर्गातल्या प्लगशी मात्र मुलांचा काही संबंध येऊ द्यायचा नाही. ‘सेलचे प्रयोग भिंतीपाशी नाहीत’ हा आमच्या वर्गाचा नियम आहे.

खेळण्यांतले आणि रिमोटमधले बटण सेल गोळा करू नका. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत भोक पडू शकतं. दाण्याएवढे झगझगीत चांदीसारखे चुंबकही पहिली-दुसरीची मुलं जिथे वावरतात तिथे नकोत. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती पकडून चिकटतात. काळे, कड्याच्या आकाराचे फेराइट चुंबक पुरेसे मोठे आणि स्वस्त असतात. जुन्या स्पीकरमध्येही तेच असतात, पण लोखंडी पट्टीपासून सोडवताना तुटतात, म्हणून मी ते विकतच घेते.

लोखंडाचा कीस विकत घ्यायचा नाही. डोळ्यात गेला तर त्रास होतो आणि चुंबकाला चिकटला की निघत नाही. त्याऐवजी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलांना ओढ्याच्या काठावर किंवा शाळेच्या मैदानातल्या कोरड्या मातीतून फिरवायला सांगा. आपल्याकडचा बराचसा महाराष्ट्र काळ्या बेसाल्ट खडकावर उभा आहे, आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढलं जाणारं खनिज असतं. मिनिटभरात पिशवीवर काळ्या कणांचे केस उभे राहतात. पिशवी उलटी करून चुंबक काढला की कण कागदावर पडतात. जमवलेली चिमूट औषधाच्या बाटलीत भरून ठेवा. चुंबकाची क्षेत्ररेषा दाखवायला वर्षभर पुरते. ज्या मातीत रोज खेळतो तिच्यात लोखंड आहे, हे कळल्यावर मुलं सुट्टीतही चुंबक मागायला येतात.

मोजमापाची साधनं

ही विकत घेण्यासारखी वाटतात, पण करून घेतली तर मोजणं म्हणजे काय हेही त्यातच शिकवून होतं.

तराजूसाठी कपड्याचा हँगर, दोरा आणि बरण्यांची दोन सारखी झाकणं. वजनं पाण्याची. १ मिली पाण्याचं वजन १ ग्रॅम, म्हणून सिरिंजने १० मिली पाणी पारड्यातल्या कपात घातलं की १० ग्रॅमचं माप झालं. पलीकडच्या पारड्यात तसाच रिकामा कप ठेवायला विसरू नका. मोठ्या वजनांसाठी गावातल्या किराणा दुकानदाराकडून ५०, १०० आणि २०० ग्रॅम वाळू तोलून घट्ट पिशव्या बांधून घ्या.

पर्जन्यमापक जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार हवा. सरळ कडांच्या बाटलीचा वरचा भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवा. बाटलीचा तळ खाचांचा असतो, म्हणून आधी खडे आणि पाणी घालून सरळ भागापर्यंत भरा आणि तिथे शून्य लिहा. वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचा सरळ भाग सारख्याच रुंदीचे असल्याने वेगळा हिशेब करावा लागत नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. वर्गाच्या छपराचं क्षेत्रफळ मोजून छपरावरून किती लिटर वाहून गेलं, हे पाचवीची मुलंही काढतात. बाटली उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवा, वाऱ्याने पडू नये म्हणून विटांमध्ये बसवा. रोज सकाळी ठरावीक वेळी नोंद आणि पुन्हा शून्यापर्यंत रिकामी.

सावलीकाठीला तर काहीच लागत नाही. सपाट जागेवर सरळ काठी, आणि दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाशी खडा. एक हळहळ मात्र दरवर्षी वाटते. महाराष्ट्र सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. मुंबई-पुण्याकडे पहिला दिवस मेच्या मध्याला पडतो, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात, तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून मी एप्रिलमध्येच प्रत्येक मुलाला काठी, सुतळी आणि एक छोटा तक्ता घरी देते.

शहरातून काय आणायचं

आता राहिली थोडकीच यादी : हातभिंगं, अल्कोहोलचे (लाल रेघेचे) तापमापक, कड्याचे चुंबक, टॉर्चचे बल्ब, होल्डर, एलईडी, होकायंत्र, काचेच्या परीक्षानळ्या आणि दोनचार सपाट आरसे. ही एकट्या शाळेने आणू नये. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळांची यादी आम्ही शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एकत्र करतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी एकजण जातो. डझनाने आणि शंभराने घेतलं की भाव उतरतो.

पुण्यात विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं सामान तपकीर गल्लीत आणि बुधवार पेठेत, हार्डवेअर आणि किरकोळ अवजारं बोहरी आळीत. मुंबईत एलईडी, वायर, मोटरी लॅमिंग्टन रोडला आणि प्रयोगशाळेची काच व रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटला. शालेय विज्ञानाची पुष्कळ उपकरणं हरियाणातल्या अंबाल्यात तयार होतात. मोठी मागणी असेल तर तिथल्या उत्पादकांचे दर मागवून स्थानिक विक्रेत्याच्या दराशी ताडून बघा, वाहतूक धरून.

घेताना तपासायचं काय? भिंग वर्तमानपत्रावर धरून बघा, अक्षरं कडेला वाकडी दिसली तर चालेल, मधोमध धूसर नकोत. काचेचं, कडेला चौकट असलेलं घ्या. प्लास्टिकचं दोन महिन्यांत चरे पडून निकामी होतं. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे मात्र प्रत्येक तासाला सांगावं लागतं. होकायंत्र दुकानातच चारपाच शेजारी ठेवून बघू नका, त्यांच्या सुया एकमेकींना फिरवतात. एकेक लांब नेऊन तपासा. तापमापक सगळे एकाच पाण्यात बुडवा आणि एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक दाखवणारे परत करा. तापमापक आठ घ्यायची गरज नाही, तीन-चार तापमापकांवर भागतं, कारण एक गट मोजत असताना दुसरा नोंद करू शकतो.

सूक्ष्मदर्शकावर सगळे पैसे घालू नका. चांगला एक घेतला तरी तो २८ मुलांसाठी एकच राहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश यांच्या गटाने बनवलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक आहे. तो वस्तू १४० पट मोठी दाखवतो, आणि एका सूक्ष्मदर्शकाच्या पैशात असे बरेच येतात. आमच्या डबक्यातल्या पाण्यातले वळवळणारे जीव मुलांनी पहिल्यांदा त्यातूनच पाहिले.

पैसे आणि कागद

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ते पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं. योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. उरलेल्यातून वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती निघते, आणि विज्ञानाची आठवण शेवटी होते. म्हणून वर्षाच्या पहिल्याच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत यादी ठेवा आणि ‘विज्ञान साहित्यासाठी अमुक रक्कम’ असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांच्यासमोर यादी वाचून दाखवू नका, दोन सिरिंजा आणि नळी त्यांच्या हातात द्या. आमच्या बैठकीत त्यानंतर चर्चा फार लांबली नाही.

अनुदान उशिरा येतं, कधी मार्चच्या तोंडावर. तेव्हा घाईने काहीतरी मोठं मॉडेल घेतलं जातं आणि ते काचेमागे जातं. यादी आणि दरपत्रकं आधीपासून तयार असतील तर ही वेळ येत नाही. कच्ची पावती घेऊ नका. शाळेच्या नावाचं, तारखेचं, वस्तू सुट्या सुट्या लिहिलेलं पक्कं बिल नसेल तर ती खरेदी पुढच्या मुख्याध्यापकालाही त्रास देते. किती रकमेपुढे दरपत्रकं लागतात हे खरेदीच्या आधी केंद्रप्रमुखांना विचारून घ्या.

आता वस्तू फुटण्याची ती भीती. भिंग, तापमापक, चुंबक, होकायंत्र यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये) करा. सेल, फुगे, एलईडी, वायर, बल्ब, सिरिंजा या वापरून संपणाऱ्या वस्तू. त्यांची नोंद वेगळ्या वहीत, आल्या किती आणि संपल्या किती एवढीच. हे दोन गट पहिल्याच दिवशी वेगळे केले नाहीत तर वर्षअखेर जळालेल्या बल्बचा हिशेब द्यावा लागतो. नोंदवहीतली वस्तू वापरताना फुटली तर तारीख, इयत्ता आणि कारण लिहून ठेवा, आणि वर्षातून एकदा समितीच्या ठरावासह निर्लेखनाचा, म्हणजे ती वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव रीतसर वर पाठवा. वापरताना फुटणं हा गुन्हा नाही, पण ते कागदावर यायला हवं.

बाहेरून मदत घ्यायची असेल तर केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे. शाळा तिथे नोंदणी करून हवं ते साहित्य मागू शकते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी एका शाळेपेक्षा केंद्रातल्या दहा शाळांची एकत्र मागणी जास्त ऐकली जाते. गावातून शहरात गेलेली माजी मुलं तर सर्वात जवळची. कोणाकडेही गेलात तरी संख्येसकट यादी द्या, आणि पुढच्या दोन वर्षांचे सेल, फुगे, एलईडी त्यातच घाला. देणाऱ्याला फोटोत दिसेल अशी मोठी वस्तू द्यावीशी वाटते. त्याला नम्रपणे सांगा की मुलांच्या हातात काय जाणार आहे.

पेट्या भरणं

साहित्य इयत्तेप्रमाणे नको, विषयाप्रमाणे ठेवा : वीज, हवा-पाणी, चुंबक, प्रकाश, मोजमाप, आम्ल-आम्लारी. प्रत्येक विषयाला एक मोठा झाकणाचा डबा आणि त्यात गटागटाचे आठ छोटे डबे. मिठाईचे प्लास्टिकचे डबे यासाठी उत्तम; पुठ्ठ्याला पावसाळ्यात बुरशी लागते, वाळवी आणि उंदरांचं तर विचारूच नका. छोट्या डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवा : सेल २, बल्ब १, होल्डर १, वायर ४. डबा हातात आला की आधी मोजायचं, परत देताना पुन्हा मोजायचं, आणि कमी असेल तर चिठ्ठी लिहून डब्यातच ठेवायची. यासाठी प्रत्येक गटाचा पेटीप्रमुख महिन्याला बदलतो. मोजणीला पाच मिनिटं जातात. ती तासात धरूनच चाला.

मोठ्या डब्यात एक जाड वही ठेवा. प्रयोग झाला की काय चाललं नाही, काय कमी पडलं, ते दोन ओळींत तिथेच लिहा. बदलीने नवे शिक्षक येतात तेव्हा त्यांना आमच्याकडे चार्जमध्ये ही वहीसुद्धा मिळते. पुढच्या वर्षीची खरेदीची यादी त्याच वहीतून निघते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या डब्यांतले सेल काढून एका वेगळ्या बरणीत भरा. होल्डरमध्ये राहिले तर उन्हाळ्यात फुटतात आणि पत्र्याला गंज चढतो. चुंबक जोडीजोडीने विजातीय ध्रुव एकमेकांना चिकटवून ठेवा, होकायंत्रांपासून दूर. सिरिंजांचे दट्ट्ये बाहेर काढून कोरडे करा, नाहीतर जूनमध्ये रबर चिकटलेलं सापडतं. हळदीच्या पट्ट्या मात्र ठेवू नका. उजेडाने त्या फिक्या पडतात, आणि नव्या करायला नव्या वर्षाच्या मुलांना अर्धा तास पुरतो.